न्हावा शेवा ते मलकापूर : एका हरवलेल्या प्रतीचा घटनाक्रम

पुणे-बंगळुरू महामार्ग कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या मधून जातो. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं कास्टिंग भरलेले कंटेनर पेठ नाका ओलांडून इथूनच वर सरकतात आणि पुढे जवळपास तीनशे किलोमीटरवर न्हावा शेवा बंदर गाठतात. 27 जून 2017 च्या संध्याकाळी त्या दुसऱ्या टोकाला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलवर, कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारी यंत्रणा बंद पडली. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता. क्रेन जागेवर होत्या, माल जागेवर होता, माणसं कामावर होती. नव्हती फक्त माहिती.

तो दिवस आणि त्याच्या आधीचे दिवस इथे क्रमाने मांडतो आहे, कारण मलकापुरातल्या पतसंस्थेला, दवाखान्याला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला, औषधाच्या दुकानाला आज तोच निर्णय घ्यायचा आहे जो त्या टर्मिनलच्या मालकांनी नीट घेतला नव्हता. ऑनलाइन बॅकअपची सेवा घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, वर्षाला किती रुपये? दुसरा, किती जीबी? खरा प्रश्न तिसराच आहे. मूळ माहिती ज्या हुकुमाने नष्ट होईल, तोच हुकूम त्या प्रतीपर्यंत पोचू शकतो का?

105 दिवस आधी : 14 मार्च 2017

मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी फट बुजवणारी दुरुस्ती जाहीर केली. संगणक एकमेकांना फायली देण्यासाठी जी सोय वापरतात, तीतच ही फट होती. ज्यांनी अपडेट घेतलं त्यांचं दार बंद झालं. मात्र जुन्या आवृत्त्यांवर चालणारी यंत्रं जगभर लाखोंनी होती. न्हावा शेव्याच्या त्या टर्मिनलची मूळ मालक कंपनी म्हणजे डेन्मार्कची मेर्स्क, जगातली तेव्हाची सर्वांत मोठी कंटेनर कंपनी. तिचे काही सर्व्हर त्या वर्षीही विंडोज 2000 वर चालत होते. सुरक्षेची घडी नव्याने बसवायचा प्रस्ताव आदल्या वर्षी मंजूर झाला होता, खर्चाला होकारही मिळाला होता. पण ज्या अधिकाऱ्यांनी तो राबवायचा त्यांच्या कामाच्या मोजमापात त्याला जागा नव्हती, म्हणून तो पुढे सरकला नाही.

हे वाचताना मला परक्या देशातली गोष्ट वाटत नाही. बॅकअपचं काम आपल्याकडेही नेमकं असंच राहतं. सगळ्यांना पटलेलं असतं आणि ते कोणाच्याच नावावर नसतं.

74 दिवस आधी : 14 एप्रिल

एकाच तारखेला दोन गोष्टी घडल्या. ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरलेली हत्यारं इंटरनेटवर उघडी टाकली. वरच्या फटीतून आत शिरणारं ‘इटर्नलब्लू’ त्यांतलंच.

दुसरी घटना कोणाच्या लक्षातही आली नाही. युक्रेनमध्ये ‘मेडॉक’ नावाचं हिशेबाचं आणि कर भरण्याचं सॉफ्टवेअर घराघरांत नसलं तरी दुकानादुकानांत होतं. आपल्याकडे टॅलीची जी जागा, साधारण तीच तिथे त्याची. हल्लेखोर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये आधीच शिरले होते. 14 एप्रिलच्या नेहमीच्या अपडेटमध्ये त्यांनी एक चोरदार घालून ठेवलं. ग्राहकांनी ते अपडेट विश्वासाने घेतलं. 15 मेच्या आणि 22 जूनच्या अपडेटमध्येही तेच दार होतं.

मधे 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ येऊन गेला. जगभरच्या दवाखान्यांत आणि कारखान्यांत संगणकांवर खंडणीची पाटी झळकली. आठवडाभर सगळीकडे चर्चा झाली, मग थांबली.

शेवटचा आठवडा

आपल्याकडे तो आठवडा आठवून पाहा. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू होणार होता. मलकापूर-कऱ्हाडमधला प्रत्येक व्यापारी, प्रत्येक कर सल्लागार हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जीएसटीची आवृत्ती उतरवून घेण्याच्या, गिऱ्हाइकांचे क्रमांक भरण्याच्या, जुनी शिल्लक नव्यात आणण्याच्या गडबडीत होता. अपडेट आलं की घ्यायचं, यात शंका घ्यायला कोणाला वेळ नव्हता आणि कारणही नव्हतं.

युक्रेनमधला व्यापारीही तेच करत होता. कराच्या सॉफ्टवेअरचं अपडेट घेणं ही कुठल्याही धंद्यातली सगळ्यांत निमूट, सगळ्यांत नियमाने केली जाणारी गोष्ट असते. हल्ला तिथूनच आला. मेर्स्कच्या ओडेसामधल्या कार्यालयात फक्त एका संगणकावर मेडॉक होतं. तेवढं पुरलं.

शून्य तास : मंगळवार, 27 जून, भारतीय वेळ दुपारी 4:00

कीव्हमध्ये दुपारचा दीड वाजला होता. मेडॉकच्या चोरदारातून एक आज्ञा सुटली आणि नंतर ज्याला ‘नॉटपेट्या’ म्हणायला लागले तो विषाणू चालू झाला.

त्याची चाल समजून घेणं बॅकअप निवडणाऱ्याला फार गरजेचं आहे. तो दोन हातांनी काम करत होता. एका हातात इटर्नलब्लू : ज्या यंत्रांनी मार्चची दुरुस्ती घेतली नव्हती ती त्याला सहज मिळत. दुसऱ्या हातात त्याहून घातक गोष्ट होती. शिरलेल्या संगणकाच्या स्मृतीतून तो पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डने शेजारच्या यंत्रांत रीतसर प्रवेश करायचा. म्हणजे ज्यांनी सगळी अपडेट वेळेवर घेतली होती त्यांची यंत्रंही पडली, कारण त्यांच्या प्रशासकाचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्या तरी न सांभाळलेल्या यंत्रात होता. कुलूप शाबूत राहिलं आणि चोर चावीने आत आला.

युक्रेनमधल्या एका मोठ्या बँकेचं जाळं 45 सेकंदांत कोसळलं. एका वाहतूक केंद्राचा काही भाग 16 सेकंदांत गेला.

साधारण 4:10 ते 5:10

शिरल्यानंतर संगणक लगेच बंद पडत नव्हता. दहा मिनिटं ते तासाभरात तो आपोआप रिस्टार्ट होईल अशी वेळ विषाणू लावून ठेवायचा आणि मधल्या काळात पसरत राहायचा. मग यंत्र पुन्हा सुरू होताना डिस्कची तपासणी चालू असल्याचा नेहमीचा संदेश दिसे. वापरणारा वाट पाहत बसे. तो संदेश खोटा होता. त्या वेळात डिस्कचा मूळ तक्ता कुलूपबंद होत होता. शेवटी लाल अक्षरांत मागणी यायची : 300 डॉलरचे बिटकॉइन द्या.

पैसे देऊन काहीच मिळणार नव्हतं. संपर्कासाठी दिलेला ईमेल पत्ता जर्मनीतल्या सेवादात्याने त्याच दिवशी बंद केला. आणि तो चालू असता तरी फरक पडला नसता, कारण पडद्यावर दिसणारा ओळख-क्रमांक निव्वळ अंदाधुंद अक्षरं होती; त्यावरून किल्ली काढण्याची सोयच केलेली नव्हती. हा खंडणीचा वेश घेतलेला विध्वंस होता. ‘वेळ आलीच तर पैसे देऊन सोडवून घेऊ’ असं मनाशी म्हणणाऱ्या कुठल्याही धंदेवाल्याने ही एक ओळ लक्षात ठेवावी.

कोपनहेगनची दुपार, आपली संध्याकाळ

मेर्स्कच्या मुख्यालयात एकामागून एक पडदे काळे होत गेले. कर्मचारी मजल्यांवरून पळत सुटले आणि सांगत राहिले, संगणक बंद करा, वायर काढा. बैठका चालू असलेल्या खोल्यांत शिरून लोकांनी प्लग ओढले. एवढ्या मोठ्या कंपनीचं पूर्ण जाळं तोडायला दोन तासांहून अधिक लागले. इथे सेकंदांचा आणि तासांचा सामना होता. तो जिंकणं शक्य नव्हतं.

संध्याकाळ : न्हावा शेवा

मेर्स्कच्या जगभरच्या 76 टर्मिनलपैकी 17 टर्मिनल पडली. त्यांत एक आपलं होतं : गेटवे टर्मिनल्स इंडिया. मेर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स आणि भारतीय रेल्वेची कॉन्कॉर यांची ही भागीदारी. वर्षाला 18 लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता, आणि बंदर तेव्हा देशातलं सगळ्यांत मोठं कंटेनर बंदर.

कंटेनर टर्मिनलवर बाहेरच्या माणसाला लोखंडी पेट्यांच्या राशी दिसतात. त्या राशींना अर्थ देतो तो संगणक. कुठल्या ओळीत, कितव्या थरावर कोणाची पेटी आहे, कुठल्या जहाजावर चढायची आहे, कस्टमची मंजुरी मिळाली का, आत शीतपेटी आहे का. हे सगळं त्याच्या पोटात. तो गेला तेव्हा कामगारांनी हाताने नोंदी करत माल काढायला सुरुवात केली, पण कोणता माल कोणाचा हेच ओळखता येईना. 28 जूनला नौकानयन मंत्रालयाने अडचण जाहीर केली. बंदराबाहेर साचणाऱ्या ट्रकांसाठी जागा शोधावी लागली, आणि जहाजं बंदरातल्या दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवण्याची धडपड सुरू झाली.

महामार्गाच्या या टोकाला, मलकापूर-कऱ्हाडच्या बाजूला, ट्रान्सपोर्टवाल्याचं गणित तासांवर चालतं. गाडी उभी राहिली की भत्ता चालू, हप्ता चालू, भाडं बंद. त्याने स्वतःचं काहीही चुकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या नीट न केलेल्या बॅकअपचा फटका असा रस्त्याने प्रवास करतो.

पुढचे दिवस : मेडनहेड, इंग्लंड

लंडनजवळच्या या गावातल्या मेर्स्कच्या इमारतीत सावरण्याचं केंद्र उघडलं. कंपनीची आणि डेलॉइट या सल्लागार संस्थेची मिळून सुमारे 600 माणसं तिथे रात्रंदिवस राबली. लोक टेबलाखाली झोपले. आसपासच्या दुकानांतून लॅपटॉप विकत आणले गेले.

आणि प्रती होत्या. हे नीट ऐकण्यासारखं आहे : मेर्स्ककडे बॅकअप नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही. बहुतेक सर्व्हरच्या तीन ते सात दिवस जुन्या प्रती सापडल्या. एकाच गोष्टीची सापडेना. कंपनीत कोण कोण आहे, कोणाला कोणत्या संगणकावर काय करायची परवानगी आहे, याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रांना डोमेन कंट्रोलर म्हणतात; कंपनीचं मस्टर म्हणा. ते उभं राहिल्याशिवाय बाकीचं काहीही उभं राहत नाही, कारण दार उघडायचं कोणासाठी हेच ठरत नाही.

असे डोमेन कंट्रोलर जगभर सुमारे 150 होते. प्रत्येकजण दुसऱ्याशी सतत जुळवून घेत होता. एक पडला तर 149 आहेत, वेगळ्या प्रतीची गरज काय, असा हिशेब. हा हिशेब यंत्र बिघडण्यापुरता अगदी बरोबर होता. सगळे एकाच वेळी पुसले जातील हा प्रसंग त्यात धरलेला नव्हता. दीडशे प्रती एकमेकींचं ऐकत होत्या, म्हणून विषाणूचंही सगळ्यांनी ऐकलं.

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर संगणकावर जोडून ‘आमचा बॅकअप क्लाउडवर आहे’ म्हणणारे आपल्या ओळखीत अनेक असतील. ते फोल्डरही ऐकत असतं. इथे फाइल पुसली, तिथे पुसली जाते. इथे फाइल कुलूपबंद झाली की तिथे कुलूपबंद फाइल चढते. कचरापेटीतून किंवा जुन्या आवृत्तीतून परत आणायची मुदत असते, गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत 30 दिवस. पण मार्चच्या हिशेबात कोणी ऑगस्टमध्ये डोकावलं तर ती मुदत केव्हाच उलटलेली असते. जुळवून ठेवणारी सेवा रोजच्या कामाला उत्तम आहे. तिच्यावर धंदा सोडू नये.

घाना

जगभरच्या कार्यालयांना फोन लावता लावता एक यंत्र सापडलं. पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये. विषाणू आला त्याच्या आधी तिथली वीज गेली होती, आणि डोमेन कंट्रोलर जाळ्यापासून तुटलेला होता. त्याला हुकूम ऐकूच गेला नाही. कंपनीच्या सगळ्या मस्टरची जगातली शेवटची शाबूत प्रत त्या बंद यंत्रात होती.

आता ती आणायची कशी? डेटा काहीशे जीबी. घानातली लाइन इतकी बारीक की इंग्लंडला पाठवायला दिवस लागले असते. माणसाने विमानाने हार्ड डिस्क न्यावी म्हटलं तर तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानातला एकजण विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर मेर्स्कच्याच दुसऱ्या माणसाच्या हातात ती डिस्क दिली, आणि तो साडेसहा तासांचा प्रवास करून लंडनला उतरला.

मग काम सुटलं. दहा दिवसांत 4,000 सर्व्हर, 45,000 संगणक आणि 2,500 सॉफ्टवेअर नव्याने बसवले, असं कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी 2018 च्या जानेवारीत दावोसमध्ये सांगितलं. मधल्या काळात खासगी फोनवर, व्हॉट्सॲपवर बुकिंग घेतलं गेलं. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर.

वीज गेली म्हणून कंपनी वाचली, ही कथा सांगून लोक थांबतात. मला तिच्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो : प्रत सापडल्यावरही ती परत यायला किती वेळ लागला. ऑनलाइन बॅकअपच्या जाहिरातीत हा आकडा नसतो. तो आपणच काढायचा. मलकापुरातल्या दवाखान्याचे एक्स-रे, सोनोग्राफी, रिपोर्ट मिळून 500 जीबी झाले असतील आणि लाइन 50 एमबीपीएसची असेल, तर ती लाइन एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालली तरी सगळं उतरायला 22 तास लागतील. 2 टीबी असेल तर जवळपास पावणेचार दिवस. उलट टॅलीचा डेटा 2 जीबी असेल तर पाच-सहा मिनिटांत हातात. म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधू नये. उद्या सकाळी दुकान उघडायला जे लागेल ते वेगळं ठेवावं, आणि जड डेटाची एक प्रत जवळच्या पण दुसऱ्या इमारतीतल्या, एरवी कशालाही न जोडलेल्या हार्ड डिस्कवर असावी. मोठ्या ग्राहकांना काही सेवादाते डिस्क कुरिअरने पाठवतात. ती सोय आहे का, हे करार करतानाच विचारावं.

पावणेचार वर्षांनी : 10 मार्च 2021, भारतीय वेळ पहाटे 5:17

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. तिथल्या घड्याळात मध्यरात्र उलटून 47 मिनिटं झाली होती. एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांनी बॅकअपचे पैसे भरले होते अशा काही ग्राहकांची प्रतही गेली, कारण ती त्याच आवारात ठेवलेली होती. क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्या तरी गावातली इमारत असते. तिचा पत्ता नाही तरी निदान शहर विचारायचा हक्क ग्राहकाला आहे.

अकरा दिवसांनी : रविवार, 21 मार्च 2021, पहाटे 2:30

या वेळी वार आपल्या राज्यावर झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेने पहाटे अडीचला आपोआप इशारे दिले : सेवा बंद पडल्या आहेत. दिवसभरात निदान झालं. ‘सिनॅक’ नावाच्या खंडणी-विषाणूने सर्व्हर आणि डेटाबेस कुलूपबंद केले होते. नाशिकच्या ईएसडीएसच्या क्लाउडवरचेही आणि महामंडळाच्या स्वतःच्या जागेतलेही. ठिकठिकाणच्या कार्यालयांतले काही संगणकही त्यात सापडले. अँटिव्हायरस परवान्यासह बसवलेला होता. पाचशे कोटींची मागणी झाल्याच्या बातम्या आल्या. चिठ्ठीत रक्कम लिहिलेलीच नव्हती, असं महामंडळाने स्पष्ट केलं.

सोमवारी उद्योजकांना महामंडळाची ऑनलाइन कामं ठप्प झालेली दिसली. भूखंड, पाणीपट्टी, नकाशे, परवानग्या. कऱ्हाडजवळच्या तासवडेपासून चंद्रपूरपर्यंतच्या सगळ्या कारखानदारांचा या खिडकीशी संबंध येतो.

महामंडळाच्या निवेदनातलं एक वाक्य मात्र दिलासा देणारं होतं. क्लाउडवरच्या जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या बॅकअपच्या फायली सुरक्षित होत्या. घानात जे वीज गेल्यामुळे झालं, ते इथे रचनेमुळे झालं. कोणी तरी आधी बसून ठरवलं होतं की प्रती वेगळ्या कप्प्यात राहतील. त्या अनामिक माणसाच्या निर्णयाचं मोल पैशात काढता येणार नाही.

मलकापूर, कुठलाही कामाचा दिवस

इथे बहुतेक ठिकाणी संध्याकाळी टॅली बंद करताना पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतात आणि तो ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवतात, किंवा संगणकाला खोचलेलाच राहतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णा-कोयनाकाठच्या बाजारपेठांत पाणी शिरलं तेव्हा असे खण पाण्याखाली गेले. खोचलेला ड्राइव्ह तर विषाणूच्या दृष्टीने संगणकाचाच भाग.

ऑनलाइन सेवा घ्यायची ती या दोन्हींवर उपाय म्हणून. तेव्हा निवड या दोन्हींवर पारखावी. सेवा देणाऱ्याच्या माणसाला समोर बसवून विचारावं : माझ्या ऑफिसच्या संगणकात शिरलेल्या चोराकडे माझे सगळे पासवर्ड आहेत असं धरा, तो तुमच्याकडच्या माझ्या प्रती पुसू शकेल का? ‘ठरावीक दिवस कोणालाही, अगदी मालकालाही, पुसता येणार नाहीत’ असं उत्तर हवं, आणि ते करारात हवं. बॅकअपचं खातं वेगळ्या ईमेलवर, वेगळ्या पासवर्डने, मोबाइलवरच्या दुसऱ्या खात्रीसह असावं. अमेरिकेतल्या कोड स्पेसेस नावाच्या कंपनीचे सर्व्हर आणि बॅकअप एकाच क्लाउड खात्यात होते. जून 2014 मध्ये हल्लेखोराला त्या खात्याची चावी मिळाली, त्याने बारा तासांत दोन्ही पुसलं आणि कंपनी कायमची बंद झाली.

जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात हा पुढचा प्रश्न. सात दिवस पुरत नाहीत. विषाणू आधी शिरून थांबलेला असतो. मेडॉकचं दार एप्रिलपासून उघडं होतं. हिशेबासाठी वर्षअखेरची एक प्रत तर कायमचीच बाजूला काढावी.

कायदाही हेच मागतो. जीएसटीच्या नियम 57 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदींचा असा बॅकअप ठेवायचा आहे की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता याव्यात. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने नोंदी सांभाळायच्या आहेत. धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर, आणि रोजच्या रोज, ठेवणं बंधनकारक आहे. परदेशी सेवा स्वस्त पडली म्हणून घेणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेडवाल्याने हे आधी पाहावं.

डेटा कुलूपबंद करून पाठवणारी सेवा चांगली. फक्त किल्ली आपल्याचकडे राहणार असेल तर ती हरवल्यावर सेवा देणाराही काही करू शकत नाही. ती कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. आणि टॅली चालू असताना तिचं फोल्डर तसंच उचलणारी व्यवस्था नको, अर्धवट प्रत पडण्याचा धोका असतो. आधी टॅलीच्या आतून बॅकअप, मग ती फाइल वर.

‘बॅकअप झाला’ या संदेशावर मात्र कोणी विसंबू नये, आणि संदेश आला नाही म्हणून सगळं ठीक असंही धरू नये. गिटलॅब ही तर संगणकवाल्यांनाच सेवा देणारी कंपनी. नॉटपेट्याच्या पाच महिने आधी, भारतीय वेळेनुसार 1 फेब्रुवारी 2017 च्या पहाटे पाचच्या सुमारास, त्यांच्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं. 300 जीबीपैकी साडेचार उरले. मग उघड झालं की रोजचा बॅकअप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे तो होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल मधेच नाकारले जात होते. वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणी तरी काढलेल्या प्रतीने.

तिमाहीतून एक रविवार यासाठी ठेवावा. दुकान बंद असताना दुसरा, कोरा संगणक घ्यावा. नेहमीच्या संगणकाला हात न लावता, फक्त ऑनलाइन खात्यावरून, गेल्या महिन्याच्या एका ठरावीक तारखेचा डेटा मागवावा. तो उघडावा. त्या दिवशीची रोकड शिल्लक, एका गिऱ्हाइकाचं येणं, एक बिल छापून मूळ नोंदींशी ताडावं. सुरू केल्याची आणि बिल छापून बाहेर आल्याची वेळ वहीत लिहावी. ही कसरत मालकाच्या पुतण्याने किंवा संगणक बसवणाऱ्याने नव्हे, तर रोज हिशेब लिहिणाऱ्या माणसाने करावी, कारण सोमवारी खुर्चीवर तोच असणार आहे. आकडे जुळले नाहीत तर सेवा देणाऱ्याला त्याच दिवशी फोन करावा, आणि दोन आठवड्यांत जुळले नाहीत तर पुढच्या वर्षाचे पैसे दुसऱ्याला द्यावेत.